सेवा-गुणवत्तेची मोजपट्टी आणि नगर जिल्ह्यातील ग्राहक : एक चिकित्सा

प्रस्तावना :

वाणिज्य व व्यवस्थापन या विद्याशाखांमध्ये गेल्या दोन-तीन दशकांत जे लघुसंशोधन प्रकल्प, प्रबंधिका व शोधनिबंध सिद्ध झाले, त्यांमध्ये 'ग्राहक समाधान' आणि 'सेवा-गुणवत्ता' हे विषय वारंवार आढळतात. विषयाची निवड स्वाभाविक आहे. बँक, पतसंस्था, एस.टी. आगार, दूरध्वनी कार्यालय, किरकोळ विक्रीचे दुकान ही सर्व क्षेत्रे महाविद्यालयाच्या परिसरातच असतात, प्रश्नावली तयार मिळते आणि उत्तरदाता रस्त्यावर भेटतो. शंभर-दीडशे प्रश्नावल्या भरून घ्यावयाच्या, सरासरी काढावयाची, 'बहुसंख्य ग्राहक सेवेबाबत समाधानी आहेत' असा निष्कर्ष नोंदवावयाचा आणि 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे' अशी शिफारस करावयाची, ही पद्धती आता रूढ झाली आहे. ज्या मोजपट्टीने हे मोजमाप केले जाते ती कोणत्या ग्राहकासाठी तयार झाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, बोलीत मात्र 'नगर'च) हा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा प्रदेश आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि चौदा तालुके असलेला हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेस प्रवरेचे पाटपाण्याचे ऊसक्षेत्र, तर दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत यांसारखे अवर्षणप्रवण तालुके. सहकाराचा इतिहास येथे मोठा आणि राज्याच्या सार्वजनिक प्रवासी वाहतुकीचा आरंभही येथील रस्त्याशी जोडलेला. ग्राहकसेवेची गुणवत्ता सुधारावयाची तर ती प्रथम ओळखता आली पाहिजे. प्रचलित मोजपट्टीने ती येथे कितपत ओळखता येते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मोजपट्टीचा उगम व तिची गृहीतके :

परशुरामन, झाइथामल व बेरी या तीन अभ्यासकांनी १९८५ मध्ये सेवा-गुणवत्तेचे 'तफावत प्रारूप' मांडले आणि १९८८ मध्ये त्यावर आधारित 'सर्व्हक्वाल' ही बावीस विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. दृश्य सुविधा, विश्वसनीयता, तत्परता, खात्री आणि आत्मीयता ही तिची पाच परिमाणे वाणिज्याच्या प्रत्येक प्राध्यापकास परिचित आहेत. ग्राहकाची अपेक्षा व त्यास आलेला अनुभव यांतील अंतर म्हणजे गुणवत्ता, हे तिचे सूत्र. हे प्रारूप ज्या व्यवसायांच्या अभ्यासातून घडले ते व्यवसाय म्हणजे किरकोळ बँकिंग, क्रेडिट कार्ड, रोखे-दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती व देखभाल. आणि देश अमेरिका. तेथील ग्राहकास एक बँक न रुचल्यास दुसऱ्या बँकेत जाण्याची सोय होती. ही सोय प्रारूपात कोठेही लिहिलेली नाही, परंतु ती त्याचा पाया आहे. ग्राहक निघून जाईल या भयानेच व्यवस्थापन त्याच्या समाधानाची चौकशी करते.

मूळ प्रारूपात तफावती पाच आहेत. ग्राहकास काय हवे हे व्यवस्थापनास न कळणे, कळूनही सेवेचे मानक न ठरविणे, मानक ठरवूनही त्यानुसार सेवा न देणे आणि जाहिरातीत एक सांगून प्रत्यक्षात दुसरे देणे, या चार तफावती संस्थेच्या अंतर्गत कारभारातील आहेत. पाचवी, म्हणजे अपेक्षा व अनुभव यांतील तफावत, या चारांचा परिणाम होय. महाविद्यालयीन संशोधनात बहुधा ही पाचवीच मोजली जाते. कारण उघड आहे : संचालक मंडळाचे इतिवृत्त कोणी दाखवीत नाही, बसस्थानकावरील प्रवासी मात्र पाच मिनिटे देतो. परिणाम मोजून कारणाविषयी शिफारस करण्याचा जो प्रकार अशा अभ्यासांत आढळतो, त्याचे मूळ येथे आहे. 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे' ही शिफारस तिसऱ्या तफावतीविषयीची आहे. ती तफावत मात्र कोणी मोजलेली नसते.

क्रोनिन व टेलर यांनी १९९२ मध्येच 'अपेक्षा' या स्तंभाच्या उपयुक्ततेवर आक्षेप घेऊन केवळ अनुभव मोजावा असे सुचविले होते. हा वाद संदर्भसाहित्याच्या आढाव्यात नोंदविला जातो आणि पुढील पानावर जुनीच प्रश्नावली वापरली जाते. भाषांतराचा प्रश्नही गौण नाही. १९८८ च्या प्रश्नावलीतील तत्परता व आत्मीयता या परिमाणांची विधाने नकारार्थी होती; १९९१ मध्ये मूळ लेखकांनी ती बदलली. त्या जुन्या विधानांचे मराठी रूप 'कर्मचाऱ्यांनी नेहमीच मदतीस तयार असावे असे नाही' अशा वळणाचे होते, आणि त्यावर 'असहमत' अशी खूण करावयाची की 'सहमत', याचा उलगडा पदवीधर उत्तरदात्यासही चटकन होत नाही. चतुर्थ परिमाणासाठी 'हमी', 'आश्वासन', 'खात्री' असे तीन शब्द वापरात आहेत. तिन्हींचा अर्थ एक नाही, हे पुढे बँकांच्या संदर्भात स्पष्ट होईल.

एस.टी. : ज्याची गाडी आली तोच उत्तरदाता :

१ जून १९४८ रोजी तत्कालीन मुंबई राज्याच्या शासकीय प्रवासी वाहतुकीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची 'शिवाई' ही पहिली विद्युत बसही याच मार्गावर सुरू करण्यात आली. हा मार्ग निवडण्यामागे स्मरणाचा भाग होता हे उघड आहे. मात्र या दोन तारखांमधील काळात जिल्ह्यातील प्रवासी व एस.टी. यांच्या नात्यात जे बदल झाले, ते गाडीच्या बांधणीत दिसत नाहीत.

'वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन' हे वाक्य प्रवाशांच्या तोंडी रुळले आहे आणि ग्राहकनिष्ठेचे उदाहरण म्हणून ते वर्गात सांगितले जाते. या वाक्यात 'वाट पाहीन' हे शब्द आधी येतात, याकडे दुर्लक्ष होते. उशीर हा येथे सेवेचा दोष म्हणून नव्हे, तर सेवेची पूर्वअट म्हणून स्वीकारलेला आहे. अपेक्षा वजा अनुभव हे सूत्र अशा ठिकाणी लावल्यास विचित्र उत्तर मिळते. ज्या फाट्यावरील प्रवाशास गाडी तासभर उशिरा येईल असे वाटते, त्याची गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली तर तफावत त्याच्या बाजूने पडते आणि सेवा 'अपेक्षेहून सरस' ठरते. दीर्घकाळ वाईट सेवा मिळालेला ग्राहक हा या मोजपट्टीवर सर्वांत सहज समाधानी होणारा ग्राहक असतो. दक्षिण भागातील आगार आणि पुणे मार्गावरील आगार यांची तुलना या आधारे केली, तर जेथे फेऱ्या कमी तेथे समाधान अधिक असा निष्कर्ष निघू शकतो. तो गणिताने अचूक असेल आणि तरीही निरर्थक असेल.

दुसरी अडचण नमुन्याची आहे. प्रश्नावली बसस्थानकावर भरून घेतली जाते. तेथे जो भेटतो त्याला गाडी मिळालेली असते, किंवा मिळण्याची शक्यता तरी असते. ज्या गावाची मुक्कामी गाडी बंद झाली, ज्या विद्यार्थिनीची सकाळची फेरी रद्द झाल्याने त्या दिवशीचे महाविद्यालय बुडाले, ती स्थानकावर नसतेच. सेवेच्या अभावाने बाधित झालेला ग्राहक नमुन्यातून आपोआप वगळला जातो. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात कर्मचाऱ्यांच्या संपामुळे राज्यभर गाड्या मोठ्या प्रमाणावर बंद होत्या. त्या सहा महिन्यांत बसस्थानकावर सर्वेक्षण केले असते, तर उत्तरदातेच मिळाले नसते. मग त्या काळातील सेवेची गुणवत्ता शून्य मानावयाची की नोंदलीच नाही म्हणून सोडून द्यावयाची?

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला 'निर्गमन, उच्चार व निष्ठा' हा विचार येथे अधिक उपयोगी पडतो. सेवा खालावली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. हर्शमन यांच्या विवेचनाचा प्रारंभ नायजेरियातील रेल्वेच्या उदाहरणाने झाला. मालमोटारींची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारली नाही, कारण गुणवत्तेविषयी सर्वाधिक जागरूक असलेले ग्राहक प्रथम मालमोटारींकडे गेले आणि तक्रार करू शकणारा वर्गच रेल्वेकडे उरला नाही. नगर-पुणे मार्गाकडे या दृष्टीने पाहिल्यास साम्य जाणवते. स्वतःची मोटार, दुचाकी वा खासगी गाडी परवडणारा प्रवासी गेला. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देणारा, वृत्तपत्रात पत्र लिहिणारा, विभाग नियंत्रकास दूरध्वनी करणारा प्रवासी बहुधा तोच होता.

मागे कोण राहिले, हे सवलतींच्या यादीवरून कळते. पासधारक विद्यार्थी, अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने असलेल्या मोफत पास योजनेतील ग्रामीण मुली (त्यांचे जन्मगाव चोंडी याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे), ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास करणारे पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठ, मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करणाऱ्या महिला. या योजनांनी गाड्यांतील गर्दी वाढविली आणि अनेकांचे येणे-जाणे शक्य केले, हे निर्विवाद आहे. परंतु मोफत वा अर्ध्या दरात मिळणाऱ्या सेवेविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपणास आहे, असे या प्रवाशास वाटते काय? वास्तविक सवलतीच्या रकमेचा भार शासनाने उचलावयाचा असतो. म्हणजे तिकिटाचे पैसे कोणीतरी देतच असतो. वैद्यकीय सेवेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असे म्हटले होते की, जेथे काहींकडून शुल्क घेऊन इतरांना सेवा मोफत दिली जाते तेथे मोफत लाभ घेणाराही 'ग्राहक' ठरतो. हे तत्त्व पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत कोणी पोहोचविलेले नाही. वाहकाने दाराशी केलेला तुटक शब्द ते मुकाट्याने गिळतात आणि प्रश्नावलीत 'समाधानी' या रकान्यात खूण करतात.

वाहक-चालकांच्या बाजूचाही विचार आवश्यक आहे. मुक्कामी गाडी घेऊन जाणाऱ्या दोघांना रात्री गाडीतच, देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाठ टेकावी लागते आणि पहाटेची फेरी वेळेवर काढावी लागते. अशा वाहकाच्या 'आत्मीयते'ला सात गुणांच्या मापावर किती गुण मिळाले, हे सांगणाऱ्या शोधनिबंधात त्याच्या झोपेची नोंद कोठेच नसते. २०२३ मध्ये महामंडळाने स्वच्छ व सुंदर बसस्थानक अभियान हाती घेतले. ते स्वागतार्हच आहे. तथापि दृश्य सुविधा या परिमाणात सुधारणा करणे सर्वांत सोपे असते, आणि मोजपट्टीत पाचही परिमाणांचे गुण एकत्र करून सरासरी काढली की रंगविलेली भिंत रद्द झालेल्या फेरीची भरपाई करून टाकते.

सहकारी बँक : नम्र सेवा आणि असुरक्षित ठेव :

या चिकित्सेतील सर्वांत गंभीर भाग सहकारी पतपुरवठ्याचा आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द केला. शतकाहून अधिक काळ जिल्ह्याच्या व्यापारपेठेशी निगडित असलेल्या संस्थेचे बँकिंग असे संपले. या घटनेची आर्थिक व कायदेशीर बाजू हा या लेखाचा विषय नाही. ग्राहकसेवेच्या अभ्यासकास मात्र एक प्रश्न टाळता येणार नाही : निर्बंधांच्या आदल्या आठवड्यात एखाद्या सहकारी बँकेच्या ग्राहकांचे सर्वेक्षण केले, तर पुढे काय घडणार आहे याचा लवलेश तरी त्यात दिसेल काय?

उत्तर नकारार्थी आहे, आणि ते मोजपट्टीच्या रचनेतूनच येते. अर्थशास्त्रात वस्तू व सेवांचे गुण तीन प्रकारचे मानले जातात. काही गुण खरेदीपूर्वी पाहून कळतात, काही वापरल्यावर कळतात (हा भेद नेल्सन यांनी १९७० मध्ये केला), आणि काही वापरूनही कळत नाहीत, ते केवळ विश्वासावर स्वीकारावे लागतात (ही भर डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये घातली). बँकेच्या काउंटरवरील रांग, पासबुक भरून मिळण्यास लागणारा वेळ, रोखपालाची वागणूक हे अनुभवाचे गुण आहेत. ठेवीची सुरक्षितता हा तिसऱ्या प्रकारचा गुण आहे. ठेवीदारास बँकेने कोणास, कोणत्या तारणावर, किती कर्ज दिले हे दिसत नाही; दिसतो तो रोखपाल. आणि बावीस विधानांतील 'खात्री' या परिमाणाची विधाने कशाविषयी आहेत? कर्मचाऱ्यांचे वर्तन विश्वास वाटावा असे आहे काय, व्यवहार करताना ग्राहकास सुरक्षित वाटते काय, कर्मचारी सौजन्याने वागतात काय, त्यांना पुरेसे ज्ञान आहे काय. म्हणजे 'वाटणे' मोजले जाते. सुरक्षित वाटणे आणि सुरक्षित असणे यांतील अंतर, ही खरे तर सहावी तफावत मानावयास हवी होती. प्रारूपात तिला जागा नाही.

पतसंस्थांच्या दैनंदिन बचत प्रतिनिधीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बोलीत त्याला 'पिग्मीवाला' म्हणतात. सायंकाळी ठरल्या वेळी तो दुकानात येतो, रक्कम घेतो, पावती देतो, घरची विचारपूस करतो, अडचणीच्या दिवशी 'राहू द्या, उद्या दोन दिवसांचे द्या' असे म्हणतो. विश्वसनीयता, तत्परता, आत्मीयता या सर्व परिमाणांवर तो राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेस सहज मागे टाकील. अशा सेवेची बरोबरी करणे मोठ्या बँकांना जमलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांतील ठेवींना नाही. बँकेत हे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत आहे (त्यापूर्वी १९९३ पासून ते एक लाख होते), आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागण्याचा मार्गही पतसंस्थेच्या ठेवीदारास खुला नाही. पिग्मी भरणाऱ्या भाजीविक्रेत्या महिलेस विचारलेल्या प्रश्नावलीत यांपैकी एकही प्रश्न नसतो. तिचे समाधान खरे आहे, मात्र ते कशाविषयी आहे हे अहवालात स्पष्ट होत नाही.

बँकांमधील ग्राहकसेवेसाठी आजवर नेमलेल्या समित्यांचा इतिहासही हेच दर्शवितो. तलवार समिती (१९७५), गोयपोरिया समिती (१९९०) आणि दामोदरन समिती (२०१०) यांच्या अहवालांनी काउंटरची वेळ, धनादेशांची वसुली, तक्रार निवारण अशा अनेक बाबतींत खरोखर सुधारणा घडवून आणल्या. ग्राहकसेवा आणि बँकेचे आर्थिक आरोग्य हे विषय मात्र वेगवेगळ्या खात्यांचे मानले गेले. नियंत्रकाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असेल. ठेवीदाराच्या दृष्टीने ठेव परत मिळणे ही पहिली सेवा आहे आणि पंखा, पाणी, बसावयास बाकडे या त्यानंतरच्या.

सहकारी संस्थेत आणखी एक गुंतागुंत आहे. तेथील ग्राहक अनेकदा सभासद, म्हणजे मालक असतो. भागधारक सभासदास वार्षिक सर्वसाधारण सभेत मत आहे, अहवाल मागण्याचा अधिकार आहे, संचालक निवडण्याचा अधिकार आहे. हर्शमन ज्याला 'उच्चार' म्हणतात त्याची इतकी पक्की व्यवस्था कोणत्याही खासगी कंपनीत नसते. प्रत्यक्षात सभेची सूचना वृत्तपत्राच्या आतील पानावर बारीक टंकात येते, ताळेबंद वाचला जाण्यापूर्वीच मागील बाकांवरून 'मंजूर, मंजूर' असा घोष होतो आणि सभा भोजनाकडे वळते. कर्ज घ्यावयाचे तर सभासद व्हावे लागते, ठेव ठेवण्यास मात्र सभासदत्वाची गरज नाही. नाममात्र सभासदास तर मतच नसते. परिणामी ज्यांचा पैसा आहे ते बहुतांशी मतदार नाहीत आणि जे मतदार आहेत त्यांतील प्रभावी गट कर्जदारांचा आहे. नागरी सहकारी बँकांच्या दुखण्याचे निदान करताना ही विसंगती वारंवार निदर्शनास आणली गेली आहे. ग्राहक-समाधानाच्या अभ्यासांत मात्र उत्तरदाता ठेवीदार आहे, कर्जदार आहे की सभासद आहे, याची नोंद 'वैयक्तिक माहिती' या भागातही बहुधा नसते; वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न एवढेच असते.

यातून एक वैचारिक हानीही होते. सभासदाला 'आपण आमच्या सेवेवर समाधानी आहात काय?' असे विचारणे म्हणजे मालकाला गिऱ्हाईक समजणे. मराठीत 'गिऱ्हाईक करणे' याला फसविणे असाही एक अर्थ आहे. भाषेने व्यापाराचा अनुभव नोंदवून ठेवला आहे. सहकाराची भाषा वेगळी होती. प्रवरेच्या काठी १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, त्या वेळी ऊस देणाऱ्या शेतकऱ्यास कारखान्याचा ग्राहक म्हणावे असे कोणास सुचले नसते. ज्या संशोधनात सभासदास 'ग्राहक' या एकाच वर्गात बसविले जाते, ते संशोधन नकळत सभासदाच्या जबाबदारीचीही सूट देऊन टाकते. संस्था बुडाली की सभासद फसविला गेला असे म्हटले जाते; त्याने किती सभांना हजेरी लावली, हे विचारले जात नाही.

दुकान, उधारी आणि पावती :

बाजारपेठेतील सेवेविषयी थोडक्यात नोंद पुरेशी आहे. नगरच्या कापड बाजारातील जुन्या पेढीवर सेवा ही ओळखीनुसार बदलते. घरातील तीन पिढ्यांची खरेदी जेथे झाली त्या कुटुंबास चहा, उधारी व परतीची सोय मिळते. अनोळखी गिऱ्हाइकास 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी मिळते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत, व मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पाटी तरीही अनेक ठिकाणी आहे. येथे सरासरीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. ओळखीच्यास सात गुणांची आणि अनोळखीस एका गुणाची सेवा देणारे दुकान, आणि सर्वांस चार गुणांची देणारे दुकान, ही सरासरीत समान ठरतात. विषमता हीच जेथे सेवेची मुख्य उणीव आहे, तेथे सरासरीइतके फसवे साधन दुसरे नाही.

कृषी सेवा केंद्रात, ज्याच्या नावातच 'सेवा' आहे, ही स्थिती अधिक तीव्र होते. बियाणे, खत व औषध पीक निघेपर्यंत उधारीवर मिळते. म्हणून कोणते औषध फवारावयाचे हे दुकानदार ठरवितो. युरियासोबत नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात मारण्याच्या प्रकारास शेतकरी 'लिंकिंग' म्हणतात. उधारी असल्याने पक्की पावती मागण्याचा संकोच वाटतो आणि पावती नसल्याने पुढे तक्रार टिकत नाही. सदोष बियाण्याबाबत शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले. हा निर्णय वापरता येण्यासाठीही हातात पावती लागते. अशा शेतकऱ्यास 'दुकानदाराचे वर्तन सौजन्याचे आहे काय?' असे विचारल्यास तो 'पूर्णपणे सहमत' असेच सांगेल, आणि ते खोटेही नसेल.

पर्यायी साधनांविषयी :

वरील विवेचनाचा रोख प्रश्नावली टाकून द्यावी असा नाही. शहरातील उपाहारगृह, दुचाकीची कार्यशाळा, भ्रमणध्वनी कंपनीचे विक्रीकेंद्र अशा ठिकाणी, जेथे ग्राहकास पर्याय आहेत आणि सेवा डोळ्यांसमोर घडते, तेथे ती पुरेशी आहे. अन्यत्र मात्र मोजमापाचे साहित्य ग्राहकाच्या मनाबाहेर शोधावे लागेल. एस.टी.बाबत नियोजित व प्रत्यक्ष फेऱ्या यांची आगारातील नोंद हे सेवेचे पहिले दर्शक आहे. ती नोंद मिळाली नाही, तर ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या फाट्यावर गाडी किती वाजता आली, आली की नाही, एवढे एका सत्रभर वहीत लिहिले तरी जिल्ह्यातील कोणत्याही सर्वेक्षणाहून मोलाची सामग्री जमा होईल. यासाठी अनुदान लागत नाही. बसने प्रवास सोडून दिलेल्यांना शोधून कारण विचारणे कष्टाचे आहे, पण ती माहिती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळणार नाही.

सहकारी बँका व पतसंस्थांबाबत लेखापरीक्षणाचा वर्ग, अनुत्पादक कर्जांचे प्रमाण, सर्वसाधारण सभेची उपस्थिती, सभेत विचारल्या गेलेल्या प्रश्नांची संख्या व त्यांना मिळालेली उत्तरे यांचा समावेश सेवा-गुणवत्तेच्या दर्शकांत करावा लागेल. यांपैकी बरेच छापील वार्षिक अहवालात उपलब्ध असते. अहवाल सभासदांना मिळतात आणि बहुतेक घरांत ते रद्दीत जातात.

या दिशेने आरंभ करावयाचा तर क्षेत्र दूर शोधण्याची गरज नाही. जिल्ह्यातील अनेक शिक्षणसंस्थांत सेवकांच्या सहकारी पतसंस्था आहेत. त्यांचे सभासद प्राध्यापकच आहेत, ठेवीदार व कर्जदारही तेच. वेतनातून हप्ता परस्पर कापला जात असल्याने काउंटरवरील सेवेचा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नाही. म्हणजे प्रचलित प्रश्नावलीस तेथे विचारण्याजोगे जवळजवळ काहीच उरत नाही. शिल्लक राहतात ते ताळेबंद, कर्जमंजुरीचा क्रम, राखीव निधीची गुंतवणूक आणि सभेचे इतिवृत्त. सभासद या नात्याने ही कागदपत्रे मागण्याचा अधिकार संशोधकास तेथे आधीपासूनच आहे.